कडब्यावर नेम धरणारी मुलगी

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. वय तेवीस. डी.एड. होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. वर्गात पन्नासेक मुली, त्यातल्या निम्म्याहून जास्त विणकरांच्या घरच्या. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि मधल्या सुट्टीत दोन्हींचं मिळून तिसरंच काहीतरी बोलायच्या. गिरणीचा भोंगा झाला की घड्याळ न बघता मला वेळ कळायची, आणि त्याच भोंग्याला माझ्या वर्गातली एक मुलगी बाकाखाली शिरायची.

ती आठ-नऊ वर्षांची होती. अंगानं काटक, डोळे मोठे. बाकावर बसवलं की पाच मिनिटांत घसरून खाली. दारातून आत येताना चौकटीला खांदा आपटल्याशिवाय यायची नाही. फळ्यावर खडू किरकिरला की दोन्ही कानांवर हात. कुणाचा हलका हात लागला तर चटका बसल्यासारखी झटकायची, पण कधीकधी स्वतः होऊन एखादीला अशी मिठी मारायची की ती बिचारी रडायला लागायची. गणवेशाची कॉलर चावून तिनं चिंधी केली होती. पाटीवर लिहिताना पेन्सिलीचे तुकडे पडायचे आणि वहीवर लिहिलं तर कागद फाटायचा. वर्गात एक लाकडी कपाट होतं. ते आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती. त्या फटीत ती स्वतःला कोंबून घ्यायची, आणि तिथं मात्र गप्प असायची.

मुली तिला 'पिच्ची' म्हणायच्या. तेलुगूत वेडी. आज अशा मुलांविषयी डॉक्टर नीट समजावून सांगतात. कान, डोळे, कातडी, सांधे यांच्याकडून येणाऱ्या खबरींचा मेळ त्यांच्या मेंदूत लवकर लागत नाही, कुठली खबर फार मोठी होऊन पोचते तर कुठली पोचतच नाही, असं सांगतात. तेव्हा आम्हां शिक्षिकांकडं दोनच शब्द होते, हट्टी आणि मंद. मी पहिला वापरत होते.

एकदा वर्गात सगळ्या मुली एका सुरात कविता म्हणत होत्या. ती कान झाकून बसली होती. मी दोनदा सांगितलं, हात खाली घे. तिनं घेतले नाहीत. मग मी शेजारच्या दोघींना सांगितलं, तिचे हात धरून ठेवा. त्यांनी धरले. कविता संपेपर्यंत धरले. तिनं आवाज केला नाही, फक्त मान इकडून तिकडं हलवत राहिली. कविता संपली तेव्हा तिच्या पायाखालची फरशी ओली झालेली दिसली. मुली हसल्या. मी तिला घरी पाठवून दिलं.

संध्याकाळी भाकरी थापताना मी हे सगळं वडिलांना तक्रारीसारखं सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे करकंबचे. पण त्यांची सगळी नोकरी सातपुड्याकडच्या एका आश्रमशाळेत ड्रिल मास्तर म्हणून गेली. आई मी लहान असतानाच गेली होती. निवृत्त झाल्यावर ते माझ्याजवळ सोलापुरात राहायला आले, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. इतकी वर्षं तिकडं काढूनही त्यांची बोली गावाकडचीच राहिली होती.

मला वाटलं, ते म्हणतील, पोरगी द्वाड हाय. त्यांनी विचारलं, "फटीत बसल्यावर गप असती?"

"असते."

"आन् मिठी मारती ती घट्ट मारती?"

"हो, गुदमरवते."

त्यांनी चटणीत तेल कालवलं. मग म्हणाले, "तिकडं डोंगरात असली एक पोरगी व्हती. पाण्याचा थेंब अंगावर पडला तरी बोंबलायची. तिच्या बापानं तिच्या हातात तिरकमठा दिला. दिसभर वढत बसायची. हळूहळू निवली." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "हात धराय नको व्हते तू."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी येऊन बसले. कुणाशी बोलले नाहीत, फक्त तिच्याकडं बघत राहिले. संध्याकाळी म्हणाले, "तिच्या घरी जाऊ." मी का-कू केली, पण गेले.

एका अरुंद बोळात त्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत हातमाग, मागच्या खोलीत चूल. तिचा बाप मागावर बसला होता आणि आई सुपात विडीची पानं घेऊन विड्या वळत होती. मुलगी मागाच्या खांबाला पाठ टेकून बसली होती. प्रत्येक ठोक्याला खांब हादरायचा आणि तिची पाठ हादरायची. तिचे डोळे अर्धे मिटलेले होते.

"तिथंच बसते," आई तिच्या मोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली. "तिथंच झोपते पण. बाई, ती वाईट नाय. तिला काय होते, आमाला समजत नाय."

मी आदल्या दिवशी काय केलं होतं ते त्या माउलीला माहीत होतं. फरशीचं तिला मुलींनी सांगितलंच असणार. तरी तिनं मला बसायला चटई टाकली.

आबांनी बुरूड आळीतून बांबू आणला. तिकडच्या भिल्ल शेजाऱ्यांनी त्यांना कमठा करायला शिकवला होता, तसाच केला. दोरीसुद्धा सुताची नव्हे, बांबूच्याच सालीची पट्टी. आठ वर्षांच्या पोरीला ओढता येईल इतका हलका, पण ओढताना खांदे कामाला लागतील इतका ताठ. बोरूचे बाण, पुढं खिळा बसवलेला. शाळेच्या मागं पत्र्याच्या जुन्या गोदामाची कोरी भिंत होती. तिच्यापुढं त्यांनी कडब्याच्या पेंढ्या घट्ट बांधून, एकीवर एक रचून छातीइतकी गंज उभी केली.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या कडक होत्या, पण अडवणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "शाळा भरायच्या आधी करा. कुणाला लागलं-सवरलं तर जबाबदारी तुमची." शाळा अकराला भरायची. आम्ही दहाला सुरू केलं.

पहिल्या दिवशी तिनं कमठ्याला हातच लावला नाही. बांबूचा खरखरीत स्पर्श तिला सोसेना. आबांनी धोतराची चिंधी गुंडाळून दिली, तीही नको. त्यांनी आग्रह केला नाही, कमठा भिंतीला टेकवून ठेवला आणि स्वतः गंजीवर पाच-सहा बाण मारले. ती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ती घरून मुठीत मागावरचं उरलेलं सूत घेऊन आली आणि ते आबांपुढं धरलं. त्यांनी ते मुठीच्या जागी गच्च गुंडाळलं. मग तिनं कमठा हातात घेतला.

पुढचे आठ-दहा दिवस बाण नव्हताच. जमिनीवर चुन्यानं दोन पावलं काढलेली असायची. त्यांवर पाय ठेवायचे, दोरी ओढायची, धरून ठेवायची, आणि हळू माघारी न्यायची.

"बाण नसताना दोरी सोडायची न्हाय," आबा सांगायचे. "कमठा मोडतो."

ती मनातल्या मनात मोजायची, ओठ हलताना दिसायचे. दहा वेळा, मग विसावा, मग पुन्हा दहा वेळा. आबा बोलायचे फार कमी, आणि बोलायचे ते तिच्यासमोर येऊन, हळू. पाठीमागून कधी हाक मारायचे नाहीत. तिला शिवायचे नाहीत. कोपर वर हवं असेल तर स्वतःचं वर करून दाखवायचे. शाबासकी नाही, टाळी नाही. जमलं की नुसती मान हलवायचे. ती त्यांना 'ताता' म्हणायला लागली. तेलुगूत आजोबा.

मी एकदा विचारलं, "आबा, यानं नेमकं होतं काय?"

ते म्हणाले, "मला काय डाक्टरी कळती? पण बघ की. तिच्या अंगाला ठावं न्हाय, आपण कुटं संपतो आन् भिंत कुटं सुरू व्हती. म्हणून धडकती. दोरी वढली की खांदा बोलतो, पाठ बोलती, पाय जमीन धरत्यात. मग तिला कळतं, मी हितं हाय."

पहिला बाण तिनं मारला तेव्हा तो गंजीच्या खालच्या पेंढीत थप्पकन शिरला. त्या आवाजाला तिनं कान झाकले नाहीत. तो आवाज तिनं स्वतः केलेला होता आणि कधी होणार हे तिला ठाऊक होतं. ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं, आणि मग ती बाण काढायला धावणार तोच आबांनी हात आडवा केला. सगळे बाण संपल्याशिवाय आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय चुन्याच्या रेघेपुढं जायचं नाही, हा नियम होता. शाळेची घंटा न जुमानणाऱ्या त्या मुलीनं तो नियम एकदाही मोडला नाही.

जादू नव्हती ती. भोंग्याला ती बाकाखाली शिरतच होती. पण अकराला वर्गात आली की मधल्या सुट्टीपर्यंत ती बाकावर बसायची. दिवाळीनंतर एक दिवस तिनं फळ्यावरचं बघून वहीवर 'कमळ' उतरवलं आणि कागद फाटला नाही. मी वही उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मागच्या बाजूला अक्षरांचे उठाव आले होते, पण कागद अख्खा होता. चौथीतल्या आणखी दोन मुली आबांकडं यायला लागल्या. एक सारखी गिरक्या घेत असायची, दुसरीला कुठल्याच कापडाची शिवण सोसायची नाही. सकाळी दहाला गोदामामागं तिघी रांगेत उभ्या असायच्या, गप्प, आणि बाण कडब्यात शिरल्याचे आवाज यायचे. त्या तीन-चार महिन्यांइतकं सुख मला नोकरीत नंतर कधी लाभलं नाही.

जानेवारीत शाळेचं संमेलन होतं. शिक्षण खात्यातले एक साहेब पाहुणे म्हणून यायचे होते. मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "तुमच्या त्या मुलीचा एक प्रयोग ठेवायचा का? साहेबांना आवडेल. अशा मुलींसाठी शाळेला काही मिळालं तर बरंच." मी लगेच हो म्हणाले. मी अजून कायम झाले नव्हते. साहेबांसमोर आपलं नाव घेतलं जाईल, हे मला दिसत होतं. शाळेला काही मिळेल हेही खरं होतं, पण ते मी स्वतःला नंतर सांगितलं.

घरी आल्यावर आबांना म्हणाले, "संमेलनात तिला नेम मारायला उभी करू या."

"न्हाय," ते म्हणाले.

"आबा, साहेब येणार आहेत. लोकांना कळू दे की."

"काय कळू दे? ती तितं सोताला सापडायलीय. आपण तिला नाचवायची?"

"पाचच मिनिटं."

"न्हाय म्हणलं की." आणि उठून बाहेर गेले.

संमेलनाच्या दोन दिवस आधी करकंबहून निरोप आला. त्यांच्या चुलतभावाच्या घरी लग्न होतं आणि आबांना जावं लागणार होतं. जाताना त्यांनी विषय काढला नाही. त्यांचं 'न्हाय' मी मानलं आहे असं ते धरून चालले होते. त्यांची एस.टी. गेली आणि मी तिच्या घरी गेले.

तिच्या आईला मी सांगितलं, मोठा मान आहे, तुम्ही पण या. आई हरखली. पोर मागाच्या खांबाशी बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन, आबांसारखंच हळू म्हणाले, "दोनच बाण मारायचे. नेहमीसारखे."

तिनं विचारलं, "आवाज?"

"आवाज होणार नाही. मी सगळ्यांना सांगेन, टाळ्या वाजवायच्या नाहीत."

"ताता?"

"येतील ना," मी म्हणाले.

हे मी म्हणाले. मला ठाऊक होतं की ते रविवारशिवाय परतणार नाहीत.

संमेलनाच्या दिवशी मैदानात मांडव घातला होता. कर्णा लावला होता. एका शिक्षिकेनं हौसेनं तिच्या अंगात नवा, खळ केलेला गणवेश घातला आणि केसांना ताठ रिबिनी बांधल्या. ती मान आत ओढून उभी होती. दर थोड्या वेळानं फाटकाकडं बघत होती. मी म्हणाले, "येतील, येतील." लेझीमवाल्या मुली मांडवामागं थांबल्या होत्या आणि त्यांची लेझीम हलली की छमछम व्हायची. कडब्याची गंज मांडवाच्या डाव्या अंगाला रचली होती. मी माइकवरून सांगितलं की कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका. बहुतेकांनी ऐकलं असावं.

तिनं पहिला बाण मारला. गंजीच्या मधोमध. साहेबांना राहवलं नाही, भल्या मनानं त्यांनी टाळी वाजवली. पुढच्या खुर्च्यांवरच्यांनी वाजवली, मग सगळ्या मांडवानं. कर्णा एकदम कर्कश किंचाळला. तिनं दुसरा बाण ओढून धरलेला होता. तो तिच्या हातातून सुटला, मांडवाचं कापड फाडून पलीकडं गेला आणि रिकाम्या जागेत पडला. कुणाला लागलं नाही. पण खुर्च्या सरकल्या, बायका ओरडल्या. कमठा टाकून ती धावली आणि व्यासपीठाच्या फळ्यांखाली शिरली.

आम्ही दोघीतिघी वाकून हाका मारत होतो. लोक उभे राहून बघत होते. शेवटी तिच्या पायांना धरून ओढून काढलं. ती हात-पाय झाडत होती. मोठ्या बाई समोर उभ्या होत्या, साहेब बघत होते. आणि मी तिच्या तोंडात मारली.

ती गप्प झाली. सगळं मैदान गप्प झाल्यासारखं मला आठवतं, पण तसं झालं नसणार. गर्दीतून तिची आई पुढं आली. नवं लुगडं नेसली होती. तिनं पोरीला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलं, घट्ट, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "बाई, तुमी मारलं?"

ती पोरीला तशीच आवळून धरून फाटकाबाहेर गेली. मागं लेझीम सुरू झाली.

दुसऱ्या दिवशीपासून ती शाळेत आली नाही. मोठ्या बाईंनी गोदामामागचं सगळं बंद केलं. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही, बाण कुणाच्या डोळ्यात गेला असता. गंज एका दूधवाल्याला देऊन टाकली.

आबा रविवारी आले. मी सांगितलं की मोठ्या बाईंनी आग्रह केला, कर्णा वाजला, पोर घाबरली. मारल्याचं सांगितलं नाही. ते चपला घालून तिच्या घरी गेले. परत आले तेव्हा मी ताट वाढलं होतं. ते ताटावर बसले नाहीत.

"तिला मी यीन म्हणून सांगितलंस?"

"हो."

"आन् मारलंस?"

मी मान खाली घातली.

"हे तू सांगाय पायजे व्हतंस मला. दुसऱ्याच्या तोंडून कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जा तिच्याकडं. पाया पड म्हणत न्हाय. नुसतं सांग की चुकलं. लई काय लागत न्हाय पोरांना."

मी जाते म्हणाले. त्या आठवड्यात परीक्षेचं काम निघालं. मग म्हटलं, होळी होऊ दे. मग त्या बोळाच्या तोंडापर्यंत एकदा गेले आणि मागाचा आवाज ऐकून परत फिरले. तिच्या आईनं पुन्हा तोच प्रश्न विचारला तर काय सांगायचं, ते मला सापडत नव्हतं. उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी बार्शीला गेले. तिथल्या शाळेत लागले, कायमही झाले.

आबा सोलापुरातच राहिले. त्यांनी दर रविवारी तिच्याकडं जायचं ठेवलं. तिच्या बोळापलीकडं एक पडीक जागा होती, तिथं नवी गंज रचली. पहिले दोन महिने ती बाहेर आली नाही. ते दारात बसायचे, तिच्या बापाशी चार शब्द बोलायचे आणि उठायचे. मग एका रविवारी ती आली, म्हणे, सूत घेऊन. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. मी माहेरी गेले की ते सांगायचे. आता ती वीस पावलांवरून मारते. आता ती बाजारात आईबरोबर जाते, फक्त कानाला फडकं बांधते. बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. मग म्हणायचे, "शाळा सुटली तिची, तेवढं वाईट झालं. मी ड्रिलचा मास्तर, मला कुटं शिकवाय येतंय नीट. अक्षरं कोण शिकवील तिला?"

माझ्याकडं बघत म्हणायचे. मी म्हणायचे, "बघू."

बार्शीहून सोलापूर ते किती लांब! महिन्यातून दोन रविवार मला सहज येता आलं असतं. नंतर मुलगी झाली, आणि तेही कारण झालं. "येतीस का आज?" ते निघताना विचारायचे. "पुढच्या खेपेला," मी म्हणायचे. असं तीन-चार वर्षं चाललं. त्यांनी कधी जोर केला नाही. मला अजून वाटतं, एकदा तरी हात धरून ओढून न्यायला हवं होतं मला. पण ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सत्तरचं दशक संपता संपता ते गेले. सकाळी आंघोळ करून बसले होते, तसेच कलंडले. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात फारसं कुणी नव्हतं तेव्हा दारात मायलेकी दिसल्या. आई बरीच वाळली होती. ती मात्र माझ्याहून उंच झालेली, परकर नेसलेली. तिनं आत येऊन भिंतीला पाठ घट्ट टेकवली आणि बसली. आबांच्या फोटोकडं बघितलं. रडली नाही.

मी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. आई म्हणाली, "लय चांगला माणूस." इतक्या वर्षांत शंभर वेळा मनात जुळवलेली वाक्यं मला आठवेनात. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "मी तेव्हा तुला मारलं. आणि खोटं सांगितलं, ताता येतील म्हणून. माझं चुकलं गं."

ती माझ्या चेहऱ्याकडं न बघता, माझ्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, "ताता सांगायचे, पुढच्या रविवारी बाई यायल्यात. अक्षरं शिकवायला."

मी तांब्या उगीच तिच्याकडं सरकवला.

"मी पाटी घेऊन बसायचे," ती म्हणाली. "आधी. मग नाय बसले."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याला काहीतरी उत्तर दिलं असतं. मी घाईघाईनं म्हणाले की अजून वेळ गेलेली नाही, मी तेराव्यापर्यंत इथंच आहे, रोज येते, नंतरही येत जाईन. तिनं मान हलवली. "आता नको, बाई." मग आईकडं बघून तेलुगूत काही म्हणाली. आई उठली. "पानं भिजत घातलीत," ती मला समजावत म्हणाली. "सुकली तर विडी होत नाय." मी दारापर्यंत गेले. पोर पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावत, नीट मोजून उतरली. चौकटीला तिचा खांदा लागला नाही.

तेराव्यापर्यंतच्या त्या दिवसांत मी त्या बोळात गेले का? एकदा गेले. दाराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, कारखान्यात विड्या द्यायला गेल्यात. मी थांबले नाही.

पुढं मी पंचवीसेक वर्षं शिकवलं. असं एखादं तरी मूल दर दोन-तीन वर्षांनी वर्गात यायचंच. कपाटामागं बसलं तर मी त्याला बसू द्यायची, कान झाकले तर झाकू द्यायची, शिवायच्या आधी विचारायची. इतर शिक्षिका मला विचारायला यायच्या. पण त्यातल्या एकाही मुलाच्या हातात मला तिरकमठा देता आला नाही. बांबू कसा चिरायचा, सालीची दोरी कशी ओढून बसवायची, कुठल्या मुलाला किती ताठ कमठा लागेल, हे आबांच्या हातात होतं. मी जवळ उभी राहून बघत होते, पण शिकले नव्हते. त्या रविवारांना त्यांच्याबरोबर गेले असते तर शिकले असते, आणि तिला अक्षरं आली असती.

तिचं लग्न होऊन ती भिवंडीकडं गेली, एवढं मी उडत उडत ऐकलं. ती पुढं कधी लिहायला शिकली का, ते मला माहीत नाही. त्या बोळात आता दुसरी माणसं राहतात.